मार्चच्या एका आठवड्यांतील मुलें

गरिबाघरचें मूल सुखवस्तु घरच्या मुलापेक्षां अशक्त असतें हें सांगायला शास्त्रज्ञ कशाला हवा, असें कोणीही म्हणेल. गांवांतल्या दोन आळ्यांतून एक फेरी मारली तर तें आपल्या डोळ्यांनाच दिसतें. परंतु शास्त्राचें काम याच्या पुढें सुरू होतें. हा फरक किती इंचांचा आणि किती पौंडांचा? तो कशानें पडतो? अन्न कमी मिळाल्यानें, घराच्या ओलीनें, हवेंतल्या धुरानें, कीं आईला विसावा न मिळाल्यानें? आणि सर्वांत महत्त्वाचा प्रश्न असा कीं, मूल मोठें होऊन स्वतः कमावूं लागलें म्हणजे ही तूट भरून निघते, कीं लहानपणचें घर मनुष्याच्या शरीरांत जन्मभर मुक्काम करून राहतें?

या शेवटच्या प्रश्नाचें उत्तर सहजासहजीं मिळण्यासारखें नाहीं. एखाद्या दिवशीं शाळेंत जाऊन सर्व मुलांचीं वजनें घेतलीं, तर त्या एका दिवसाचें चित्र हातीं येतें. दहा वर्षांचा मुलगा बुटका आहे एवढें कळतें. तो जन्मतःच लहान होता, कीं तिसऱ्या वर्षीं आजारानें मागें पडला, तें कळत नाहीं. प्रौढ मनुष्याला गांठून त्याला त्याचें लहानपण विचारावें, तर स्मरणशक्ति दगा देते. आपल्याला दुसऱ्या वर्षीं न्युमोनिया झाला होता काय, त्या वेळीं घरांत एका खोलींत किती माणसें निजत, हें कितीजणांना सांगतां येईल? तेव्हां मार्ग एकच उरतो. मुलांचा एक मोठा गट जन्मतःच नोंदवून घ्यावा आणि त्या गटाबरोबर वर्षानुवर्षें चालावें. याला आपण जन्मगटाची पाहणी म्हणूं. ब्रिटनमधील अशा पाहण्यांत जी सर्वांत जुनी, १९४६ सालीं सुरू झालेली, तिची हकीकत आज सांगावयाची आहे.

ही पाहणी कांहीं आकाशांतून पडली नाहीं. मुलांच्या प्रकृतीची काळजी इंग्लंडला प्रथम लागली ती दयेपोटीं नव्हे, तर लष्कराच्या गरजेपोटीं. १८९९ सालीं बोअर युद्ध सुरू झालें, तेव्हां सैन्यांत भरती होण्यासाठीं आलेल्या शहरी तरुणांपैकीं फार मोठा भाग शरीरानें नालायक म्हणून परत पाठवावा लागला. साम्राज्य राखणारे हात इतके दुर्बळ कसे, याची चौकशी करण्यास समिति नेमली गेली, तिचा अहवाल १९०४ सालीं आला, आणि मग १९०६ सालीं शाळेंतील जेवणाचा व १९०७ सालीं शाळेंतील वैद्यकीय तपासणीचा कायदा झाला. पुढें १९३६ सालीं जॉन बॉइड ऑर यांनीं अन्न, आरोग्य व उत्पन्न यांचा संबंध दाखविणारें पुस्तक लिहून, देशांतील जवळजवळ निम्म्या लोकांचा आहार पूर्ण आरोग्याला पुरेसा नाहीं, असें मांडलें. त्या पुस्तकानें पुष्कळांची झोंप उडविली.

त्याच सुमारास आणखी एक भीति पसरली होती. जन्माचें प्रमाण घटत चाललें होतें. लोक मुलें कां होऊं देत नाहींत, हा प्रश्न राज्यकर्त्यांना सतावूं लागला होता. त्यावर विचार करण्यासाठीं १९४४ सालीं लोकसंख्येविषयीं रॉयल कमिशन नेमण्यांत आलें. मूल होण्याला खर्च किती येतो व बाळंतिणीची सोय कशी होते, हें कोणालाच नक्की माहीत नव्हतें. तें शोधून काढण्यासाठीं एक पाहणी ठरली आणि जेम्स डग्लस या तरुण डॉक्टराकडे ती सोंपविण्यांत आली. डग्लस यांनीं युद्धकाळांत हवाई हल्ल्यांतील जखमींचा अभ्यास केला होता. म्हणजे माणसांचें दुःख मोजण्याची कला त्यांना अवगत होती.

१९४६ सालच्या मार्च महिन्याची ३ ते ९ तारीख हा आठवडा निवडला गेला. इंग्लंड, वेल्स आणि स्कॉटलंड येथें त्या सात दिवसांत साडेसोळा हजारांहून अधिक बालकें जन्मलीं. घरोघर फिरणाऱ्या आरोग्यसेविका हातांत प्रश्नपत्रिका घेऊन त्यांच्या आयांकडे गेल्या आणि १३,६८७ आयांची माहिती घेऊन परत आल्या. प्रश्न अगदीं घरगुती होते. बाळंतपण घरीं झालें कीं रुग्णालयांत? वेदना कमी करण्यासाठीं कांहीं दिलें काय? बाळाच्या कपड्यांना, बाबागाडीला किती पैसे लागले? घरकामाला कोण मदतीला होतें? विद्वानांना हे प्रश्न क्षुल्लक वाटले असतील. पण मला वाटतें, संबंध पाहणीचें यश या क्षुल्लकपणांतच आहे. मोठाल्या शब्दांनीं विचारलेल्या प्रश्नांना मोठालीं आणि निरुपयोगी उत्तरें मिळतात.

१९४८ सालीं निष्कर्ष प्रसिद्ध झाले. बाळंतपणाचा खर्च साध्या कुटुंबाला जड जाई. श्रमजीवी घरांत अपुऱ्या वजनाचीं बालकें अधिक जन्मत. घरीं बाळंत होणाऱ्या पांच स्त्रियांपैकीं जेमतेम एकीला वेदनाशामक वायु मिळाला होता. या शेवटच्या बाबीवर १९४९ सालीं पार्लमेंटांत विधेयकसुद्धां आलें. दरम्यान जुलै १९४८ मध्यें सर्वांना मोफत औषधोपचार देणारी राष्ट्रीय आरोग्यसेवा सुरू झाली. त्या मुलांचें वय तेव्हां सव्वादोन वर्षांचें होतें.

पाहणी खरें म्हणजे येथेंच संपावयाची होती. परंतु हातीं आलेला एवढा मोठा गट सोडून देणें डग्लस यांच्या जिवावर आलें. सर्वांच्या मागें जाण्याइतका पैसा तर नव्हता. म्हणून त्यांनीं निवड केली. कचेरींत वा बुद्धीच्या धंद्यांत असलेल्या बापांचीं आणि शेतमजुरांचीं सर्व मुलें घेतलीं. इतर अंगमेहनती कामगारांचीं मुलें संख्येनें फार, म्हणून त्यांच्यांतून चारांत एक घेतलें. अशा रीतीनें ५,३६२ मुलें निश्चित झालीं. हिशेब करतांना कामगारांच्या प्रत्येक मुलाला चारांचें वजन दिलें कीं सबंध देशाचें चित्र पुन्हां जुळून येतें.

या निवडींत एक गोष्ट मात्र खटकल्यावांचून राहत नाहीं. जुळीं मुलें आणि अविवाहित आयांचीं मुलें वगळण्यांत आलीं. जुळ्यांविषयीं वाद नाहीं. पण ज्या मुलांच्या पाठीशीं बापाची कमाई नाहीं, समाजाचा आधार नाहीं, त्यांच्याच घरचें पारडें सर्वांत हलकें. आणि सामाजिक परिस्थितीच्या अभ्यासांतून नेमकीं तींच बाहेर राहिलीं. त्यांना शोधणें व टिकवून ठेवणें कठीण होतें, हें कारण व्यवहाराच्या दृष्टीनें समजण्याजोगें आहे. तरी पुढचे सर्व आंकडे ऐकतांना ही रिकामी जागा ध्यानांत ठेवावी. प्रत्यक्षांतील फरक आंकड्यांत दिसतो त्याहून थोडा अधिकच असला पाहिजे.

सामाजिक परिस्थिति मोजावी कशी, हाही एक पेंचच आहे. त्या काळच्या रीतीप्रमाणें बापाचा धंदा हें मुख्य माप धरलें गेलें. हें माप सोपें आहे, पण अपुरें आहे. एकाच गिरणींत काम करणाऱ्या दोघांपैकीं एकाची बायको शिकलेली, दोन मुलें आणि तीन खोल्या. दुसऱ्याचीं सहा मुलें आणि एक दमट खोली. दोघांची नोंद मात्र एकाच सदरांत! म्हणून या पाहणींत घराची अवस्था, खोल्या आणि माणसें यांचें प्रमाण, आईबापांचें शिक्षण यांचीही नोंद होत गेली. गरिबी हें एक कारण नव्हे. ती कारणांची मोळी आहे. मोळी सोडून एकेक काडी निराळी पाहिल्याशिवाय कोणती काडी बोंचते तें कळत नाहीं.

आतां त्या मुलांबरोबर आपण थोडें पुढें जाऊं. तीं रेशनच्या दिवसांत वाढलीं. महायुद्धांत ज्या पावावर नियंत्रण नव्हतें, त्यावर तें जुलै १९४६ मध्यें, म्हणजे हीं मुलें चार महिन्यांचीं असतांना आलें, आणि दोन वर्षें राहिलें. सर्व रेशनबंदी उठावयास १९५४ साल उजाडलें. १९५० सालीं, मुलें चार वर्षांचीं असतांना, त्यांनीं एका दिवसांत काय काय खाल्लें, हें त्यांच्या आयांकडून लिहून घेतलें होतें. सुमारें साडेचार हजार मुलांचे ते कागद पुष्कळ काळ पडून राहिले आणि १९९९ सालीं त्यांची तुलना १९९० नंतरच्या चार वर्षांच्या मुलांच्या आहाराशीं करण्यांत आली. जुन्या मुलांनीं पाव, दूध आणि भाज्या अधिक खाल्ल्या होत्या. साखर आणि बाटलींतील गोड पेयें फार कमी घेतलीं होतीं. ज्या काळाला लोक टंचाईचा काळ म्हणतात, त्या काळांत मुलांच्या ताटांत कांहीं बाबतींत अधिक चांगलें अन्न होतें. टंचाई चांगली, असा याचा अर्थ कोणी काढूं नये. त्या वेळीं मुलांच्या दुधाचा वांटा सरकारनें आधीं बाजूला काढून ठेवला होता आणि तो घरची मिळकत पाहून ठरत नव्हता, हें त्यांतलें मर्म आहे.

अन्न वांटून देतां आलें. हवा मात्र वांटून देतां येत नाहीं. इंग्लंडांतील घरोघरच्या शेगड्यांत दगडी कोळसा जळे. १९५२ सालच्या डिसेंबरांत लंडनवर धूर आणि धुकें यांचें असें दाट आवरण पसरलें कीं त्या थोड्या दिवसांत सुमारें चार हजार माणसें दगावलीं, असा त्या वेळचा अंदाज होता. १९५६ सालीं हवा स्वच्छ ठेवण्याचा कायदा झाला. डग्लस आणि त्यांचे सहकारी वॉलर यांनीं एक साधी युक्ति केली. मुलें ज्या भागांत राहत त्या भागांत घरगुती कोळसा किती खपतो, त्यावरून त्यांचे चार गट पाडले आणि पंधराव्या वर्षापर्यंतचे आजार ताडून पाहिले. १९६६ सालीं निकाल बाहेर आला. साधें सर्दीपडसें स्वच्छ भागांत आणि धुरकट भागांत सारखेंच. पण छातींत उतरणारे आजार धुराबरोबर वाढत गेलेले. आणि विशेष हें कीं, एकाच धुरांत राहणाऱ्या कारकुनाच्या मुलांत व मजुराच्या मुलांत या बाबतींत फरक आढळला नाहीं. येथें मोळींतली एक काडी निराळी झाली. मजुराचें मूल अधिक खोंकत असेल तर तें मजुराचें म्हणून नव्हे. त्याच्या बापाला भाडें परवडतें तें घर धुरांत असतें म्हणून. अशा आजारावर उपाय काय करावा, हें मग वेगळें सांगावें लागत नाहीं.

आजारी मूल रुग्णालयांत जाई. त्या काळीं तेथें आईबापांना मुलाजवळ राहूं देत नसत. ठराविक दिवशीं ठराविक वेळीं भेटावयाचें, तेंही सर्वत्र नव्हे. १९७५ सालीं डग्लस यांनीं दाखविलें कीं, पहिल्या पांच वर्षांत जीं मुलें आठवड्याहून अधिक काळ किंवा पुन्हां पुन्हां रुग्णालयांत राहिलीं, त्यांच्या किशोरवयांत वर्तनाच्या तक्रारी अधिक होत्या आणि वाचनांत तीं मागें होतीं. एकदांच आणि थोडे दिवस राहिलेल्यांना तसा उपद्रव दिसला नाहीं. यावर शंका निघाली, आणि ती रास्तही आहे: ज्या मुलाला वारंवार रुग्णालयांत न्यावें लागतें, त्याच्या घरांतच आधीं कांहीं अडचणी नसतील कशावरून? नंतरच्या संशोधनांत असा परिणाम अडचणींतील घरांच्या मुलांतच अधिक ठळक आढळला. म्हणजे घर आणि रुग्णालय हीं दोन्हीं त्या मुलावर मिळून काम करीत होतीं. आईबापांना मुलांच्या वॉर्डांत मोकळीक द्यावी, अशी शिफारस एका सरकारी समितीनें १९५९ सालींच केली होती. ती अमलांत यायला मात्र पुष्कळ वर्षें लागलीं.

मुलें अकरा वर्षांचीं झालीं कीं त्यांना एक परीक्षा द्यावी लागे. तींत निवडलेलीं मुलें ग्रामर स्कूलमध्यें जात, बाकीचीं साध्या शाळेंत. आणि साध्या शाळेंतील बहुतेक पंधराव्या वर्षीं कामाला लागत. बुद्धीप्रमाणें निवड, असें या व्यवस्थेचें ब्रीद होतें. डग्लस यांनीं १९६४ सालीं दाखवून दिलें कीं, चाचणींत सारखे गुण मिळविणाऱ्या दोन मुलांपैकीं मध्यमवर्गीय घरच्याला ग्रामर स्कूलची जागा मिळण्याचा संभव कामगाराघरच्यापेक्षां अधिक असे. आरोग्याच्या भाषणांत ही शाळेची गोष्ट कशाला, असें वाटेल. पण शिक्षण लवकर सुटलें कीं धंदा ठरतो, मिळकत ठरते, राहण्याची जागा ठरते. कमी शिकलेल्यांत पुढें धूम्रपानाचें प्रमाणही अधिक राहिलें. घरापासून निघालेली वाट शाळेवरून वळसा घेऊन पुन्हां शरीराकडेच येते.

मुलें मोठीं झालीं, त्यांचीं लग्नें झालीं, त्यांना नातवंडें झालीं. पाहणी चालूच राहिली. दर वर्षीं वाढदिवसाला तिच्याकडून प्रत्येकाला शुभेच्छांचें कार्ड जातें. इतक्या वर्षांत माणसें तुटूं नयेत म्हणून योजलेला हा उपाय मला मोठमोठ्या यंत्रांपेक्षां मोलाचा वाटतो. साठी उलटल्यावर, ६० ते ६४ या वयांत, २,२२९ जणांची सविस्तर तपासणी झाली.

आरंभीं जो प्रश्न आपण विचारला, त्याचें उत्तर आतां मिळूं लागलें. छत्तिसाव्या वर्षीं रक्तदाब मोजला, तेव्हां जन्माच्या वेळीं वजन कमी असलेल्यांचा तो अधिक भरला. २००२ सालीं प्रसिद्ध झालेल्या हिशेबांत २६ ते ५४ या वयांतील मृत्यु तपासले होते. ज्यांचे वडील अंगमेहनतीच्या धंद्यांत होते, त्यांच्यांत मृत्यूचें प्रमाण इतरांच्या जवळजवळ दुप्पट आढळलें; आणि मोठेपणची परिस्थिति लक्षांत घेऊनही लहानपणच्या परिस्थितीचा ठसा पुसला गेला नाहीं. २०२३ सालीं ३,५८९ जणांची छातीच्या विकारांविषयीं पाहणी प्रसिद्ध झाली. दोन वर्षांच्या आंत ज्यांना न्युमोनिया किंवा श्वासनलिकेचा दाह यांसारखा आजार झाला होता, त्यांच्यापैकीं ७३ वर्षांच्या आंत श्वसनाच्या विकारानें मरण पावणाऱ्यांचें प्रमाण शेंकडा २.१ होतें; ज्यांना तसा आजार झाला नव्हता त्यांच्यांत तें १.१ होतें. धूम्रपान, जन्माचें वजन, घरांतील दाटी या सर्वांचा हिशेब वेगळा केल्यावरही हा फरक राहिला. रांगणाऱ्या मुलाच्या छातींत बसलेला आजार सत्तर वर्षांनीं हिशेब मागतो, असाच याचा अर्थ.

मात्र हे आंकडे कुंडली मांडल्यासारखे वाचूं नयेत. शेंकडा २.१ म्हणजे शंभरांतील जवळजवळ ९८ जणांना तें मरण आलेंच नाहीं. गटाविषयीं जें खरें, तें त्यांतील प्रत्येकाविषयीं खरें असतें असें नाहीं. आईबापांनीं घाबरण्यासाठीं हें शास्त्र नाहीं. घरें, दूध, हवा आणि दवाखाने यांची व्यवस्था ज्यांच्या हातीं आहे त्यांच्यासाठीं तें आहे.

ब्रिटननें पुढें १९५८, १९७० आणि २००० ते २००२ या सालांत जन्मलेल्या मुलांचे असेच गट धरले. त्यामुळें एक अपूर्व तुलना करतां आली. २०१८ सालीं या चारही गटांतील मुलांचीं वजनें व उंची शेजारीं शेजारीं मांडण्यांत आली. उंचींतील वर्गावर्गांमधला फरक काळाबरोबर कमी होत गेला होता. वजनाची गोष्ट मात्र निराळी. पहिल्या तीन गटांत गरिबाघरचीं मुलें वजनानें हलकीं होतीं. एकविसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर जन्मलेल्या गटांत तींच जड निघालीं! गरिबीचें शरीरावरील चिन्ह पन्नास वर्षांत उलटलें. बॉइड ऑर यांच्या काळीं गरिबाच्या मुलाला पोटभर अन्न मिळत नव्हतें. आतां पोट भरतें, पण स्वस्तांत भरावयाचें तर तें साखर, पीठ आणि तळणानें भरतें, आणि खेळायला अंगण उरलेलें नसतें. गरीब मूल म्हणजे काटकुळें मूल, ही आपल्या मनांतील मूर्ति आतां तपासून घेतली पाहिजे.

याच ठिकाणीं ही इंग्लंडची कथा आपल्या पुण्याशीं येऊन मिळते. साउदॅम्प्टन येथील डॉक्टर डेव्हिड बार्कर यांनीं १९८९ सालीं, हर्टफर्डशायर परगण्यांत १९११ पासून दायांनीं व परिचारिकांनीं ठेवलेल्या जुन्या वह्यांवरून, बालपणीं वजन कमी असलेल्या पुरुषांना पुढें हृदयविकाराचा मृत्यु अधिक येतो, असें दाखविलें होतें. मग हिंदुस्थानांत, जेथें बालकें सर्वत्रच लहान जन्मतात, तेथें काय घडत असेल? पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयांतील डॉक्टर चित्तरंजन याज्ञिक यांनीं साउदॅम्प्टनच्या सहकार्यानें १९९३ सालीं पुण्याजवळच्या सहा खेड्यांत पाहणी सुरू केली. ब्रिटनमध्यें मूल जन्मल्यावर नोंद झाली. येथें ती त्याच्याही आधीं, लग्न झालेल्या स्त्रीला दिवस जाण्यापूर्वींच करण्यांत आली. या स्त्रियांचें सरासरी वजन ४२ किलोच्या आसपास होतें. त्यांना सातशेंहून अधिक मुलें झालीं.

त्यांच्या आयांविषयीं जें आढळलें, त्यांत नवल कांहीं नाहीं, पण तें प्रथमच नीट मोजलें गेलें. ज्या गरोदर स्त्रियांच्या आहारांत पालेभाजी, फळें आणि दूध अधिक वेळां आलें, त्यांचीं बालकें जन्मतः मोठीं होतीं. ज्यांना शेतांतील काम, विहिरीवरून पाणी आणणें, धुणें असे कष्ट अधिक, त्यांचीं लहान होतीं. सासरीं सून किती हंडे वाहते, हा प्रश्न बालकाच्या वजनाचा आहे, हें या खेड्यांनीं सांगितलें.

नवल होतें तें बालकांत. २००३ सालीं प्रसिद्ध झालेल्या तुलनेंत पुण्याकडील बालकांचें जन्माचें सरासरी वजन २.७ किलो, तर साउदॅम्प्टनच्या बालकांचें ३.५ किलो होतें. परंतु ही आठशें ग्रॅमची तूट सर्व शरीरांत सारखी विभागलेली नव्हती. स्नायु आणि पोटांतील अवयव फार लहान होते. कातडीखालची चरबी मात्र त्या मानानें फारशी कमी नव्हती. पाठीवर, खांद्याच्या फऱ्याखालीं कातडीची चिमूट धरून मोजली तेव्हां हें उघड झालें. दिसायला किरकोळ, पण आंतून चरबीला धरून असलेलें असें हें बालक. इंग्लंडांत हलकेपणा आणि जाडी हीं गरिबीचीं दोन चिन्हें अर्ध्या शतकाच्या अंतरानें आलीं. आपल्याकडे तीं एकाच बालकाच्या अंगावर, जन्मदिवशींच, एकत्र नांदत होतीं.

हीं मुलें अठरा वर्षांचीं झालीं तेव्हां त्यांच्या रक्तांतील साखर तपासली. शंभरांतील सुमारें २९ जणांची साखर योग्य मर्यादेच्या वर गेलेली होती. मुलांत हें प्रमाण ३७, मुलींत १८. आणि हीं कांहीं लठ्ठ मुलें नव्हतीं, बहुतेक सडपातळच होतीं. मधुमेह म्हणजे गादीवर बसून खाणाऱ्यांचा रोग, ही जुनी समजूत या खेड्यांत टिकत नाहीं. आयांच्या रक्तांत ब-१२ जीवनसत्त्व कमी आणि फोलेट अधिक असल्यास मुलांच्या अंगीं मधुमेहाकडे झुकणारी प्रवृत्ति दिसते, असें २००८ सालीं आढळलें होतें. ब-१२ हें दूध, अंडीं, मांस यांतून मिळतें. ज्या घरांत शाकाहार आहे आणि दूधही डेअरीला विकावें लागतें, तेथें तें कोठून यावें?

म्हणून २०१२ सालीं एक प्रयोग सुरू झाला. त्याच सहा खेड्यांतील, आतां किशोरवयांत आलेल्या त्या मुलांमुलींना चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणें गटांत विभागून कांहींना ब-१२, कांहींना त्याबरोबर इतर पोषकद्रव्यें, आणि कांहींना नुसती साधी गोळी देण्यांत आली. मूल पोटांत आल्यावर आईला औषध देण्याची रीत जुनी. येथें तें भावी आईला, आणि भावी बापालाही, लग्नाच्या आधींपासून दिलें गेलें. पुढें त्यांतील मुलींचीं लग्नें झालीं, त्यांना मुलें झालीं, आणि त्या बालकांच्या नाळेंतील रक्त तपासण्यांत आलें. १९९३ सालीं ज्यांच्या आज्यांचीं वजनें घेतलीं होतीं, त्या घरांतील तिसऱ्या पिढीचीं वजनें आतां वहींत उतरूं लागलीं आहेत.